पाजणारीचं नाव

शौकतचाचांच्या येमेनमुळे हे सगळं सुरू झालं.

तस्नीमचे हे चाचा प्रत्येक मंगनीत, बाळाच्या प्रत्येक अकीक्यात एकच गोष्ट सांगत. त्यांच्या वांगडे घराण्याचा मूळपुरुष अरबी घोडे घेऊन येमेनहून दाभोळ बंदरात उतरला, इथल्या एका मुलीच्या हातची तांदळाची भाकरी खाल्ली आणि इथलाच होऊन राहिला. त्या दिवशी चिपळुणात हाजरा सरगुरोहच्या घरी तिचा मुलगा मुआज आणि तस्नीम यांची मंगनी होती. साखर वाटून झाली होती, सांदणं खाऊन झाली होती आणि चाचांचे घोडे पुन्हा एकदा दाभोळला उतरत होते.

"चाचा, आज निकालच लावू या," असं म्हणत तस्नीमने पर्समधून काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं.

बाळांचं डब्यातलं दूध बनवणाऱ्या, खेडजवळच्या मायधार कंपनीच्या कारखान्यात ती गुणवत्ता तपासायचं काम करायची. यंत्र कंपनीचंच होतं. चोरून बनवलेलं मायधार दूध बाजारात पकडायला ते वापरत. पण थेंबभर थुंकी लावली की ते कुणाचाही डीएनए वाचायचं आणि माणसाचे वाडवडील कुठले तेही सांगायचं. चाचांनी काडी चाटली. यंत्राने थोडा विचार केला आणि जाहीर केलं, की त्यांचे सगळे पूर्वज दाभोळ ते बाणकोट या पट्ट्यातलेच आहेत. येमेनचा थेंबही निघाला नाही.

हशा पिकला. "अम्मी, आता तू!" म्हणत मुआजने काडी आईच्या हातात दिली.

हाजराने ती चाटून यंत्रात घातली. दिवा लाल झाला. यंत्रातून गोड, शिकवलेल्या मराठीत आवाज आला:

"संरक्षित नमुना. मायधार पेशीवंश क्रमांक एक. आपल्याकडील हा ताबा अनधिकृत आहे. कृपया नमुना नष्ट करू नका. माहिती मुख्यालयाला पाठवली आहे."

सगळे आणखी जोरात हसले. "अम्मी चोर निघाली!" मुआज ओरडला. तस्नीम मात्र हसली नाही.

"खाला, घरात मायधारचा डबा आहे का? आज काही प्यायलात?"

"माझ्या घरात कुठलं आलंय लहान मूल?"

तस्नीमने तिला चूळ भरायला लावली. परत काडी, परत लाल दिवा. मग तिने हाजराच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब घेतला. यंत्र त्याच गोड आवाजात म्हणालं, की हे रक्त कंपनीचं आहे.

हाजरा बोटाकडे बघत राहिली. पाहुण्यांसमोरून उठून ती मोरीत गेली आणि नळ पूर्ण सोडून उभी राहिली.

*

मायधारबद्दल एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं, की ते आईचं दूध आहे, फक्त आईशिवायचं. डब्यावरही तसंच लिहिलेलं असायचं.

त्याच्यामागचं विज्ञान तसं अवघड नाही. आईच्या दुधात नुसती साखर, चरबी आणि प्रथिनं नसतात. दूध तयार करणाऱ्या ग्रंथीतल्या जिवंत पेशीही त्यात गळून येत असतात. त्या वेगळ्या करता येतात, वाढवता येतात. साधी पेशी ठरावीक वेळा दुभंगून थकते. पण तिच्या एका जनुकात फेरफार केला की ती थकायचं विसरते. अशा न थकणाऱ्या पेशी केसाहून बारीक नळ्यांवर लावायच्या, नळ्या पोलादी पिंपात भरायच्या, एका बाजूने पोषणद्रव्य सोडायचं. पेशींना वाटतं, आपण छातीतच आहोत. दुसऱ्या बाजूने त्या दूध सोडत राहतात. वर्षानुवर्षं.

कंपनीने या पेशींचं पेटंट घेतलं होतं. पण पेटंटला वीस वर्षांनी मरण असतं, आणि घेताना सगळं उघड सांगावं लागतं. एक गोष्ट मात्र कंपनीने कुठेच सांगितली नव्हती: पहिली पेशी कुणाची. ते व्यापारी गुपित होतं. गुपिताला मुदत नसते.

पहिली पेशी कुठून आली असेल, ते हाजराला मोरीत उभ्या उभ्याच कळलं होतं.

मुआज तेव्हा नुकता चालू लागला होता. पुण्याच्या इस्पितळात तिला दुसरं मूल झालं, मुलगी, आणि ती तीन दिवसांत गेली. मुलगी गेली तरी दूध थांबेना. शेजारच्या खोलीत अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेट्यांत होती. हाजराने आपणहून नर्सला विचारलं, मी देऊ का? गेलेल्या मुलीच्या नावाने सदका, दान म्हणून ती महिनाभर दूध देत राहिली. अट एकच घातली. ज्याला पाजाल त्याचं नाव मला सांगा. दुधाने बहीणभावाचं नातं जुळतं, उद्या माझ्या मुलाचं त्या घरात लग्न व्हायला नको. नर्सने पाच-सहा नावं सांगितली होती. हाजरा त्या मुलांसाठी अजून दुआ मागायची. एक अथर्व होता, एक रेश्मा, एक जुळी जोडी.

उरलेलं दूध कुठे जातं, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

"आणि मी मायधारवरच वाढले, खाला," तस्नीम दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणाली. तिचा चेहरा रात्रभरात उतरला होता. "अम्मीला कावीळ झाली होती. पहिलं वर्षभर मी दुसरं काही प्यायलेच नाही."

मुआज दारात उभा होता. "खतीबसाहेबांना विचारू," तो म्हणाला.

*

इब्राहिम खतीब जामा मशिदीत शुक्रवारचा खुतबा, प्रवचन देत. वय झालं होतं, कान कमी झाले होते. त्यांनी पिंपाचं सगळं वर्णन तस्नीमकडून दोनदा ऐकून घेतलं.

"आपण शाफई पंथाचे," ते म्हणाले. "आपल्याकडे दोन वर्षांच्या आतल्या मुलाने पाच वेळा पोटभर दूध घेतलं, की ती बाई त्याची आई. छातीतून घेतलं काय नि चमच्यातून घेतलं काय. त्या दुधाचं पनीर करून खाल्लं तरी आई. पण दूध जिवंत बाईच्या अंगातून आलेलं हवं. आता मला सांगा, ते पिंप जिवंत बाई आहे का?"

"पेशी जिवंत आहेत," तस्नीम म्हणाली.

"पेशी जिवंत आहेत. आणि बाईही अल्लाहच्या कृपेने माझ्यासमोर बसलीय." त्यांनी डोळे मिटले. "मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू? मोठ्या आलिमांना, धर्म जाणणाऱ्यांना, बसून ठरवावं लागेल. पण ते बसणार कसे? आधी समोर बाई हवी ना! कोण पाजणारी, हेच दडवून ठेवलं तर मसला, हा सवालच उभा राहत नाही."

"कंपनी म्हणते ते त्यांचं गुपित आहे," मुआज म्हणाला. "त्यांची मालमत्ता."

"पिंप त्यांची मालमत्ता, कबूल. नळ्या कशा लावल्या, पेशीला थकवा कसा विसरायला लावला, ती त्यांची मेहनत. आपल्या मजहबात वस्तूचा फायदासुद्धा माल मानलाय. कुणाची अक्कल चोरणं मी हलाल म्हणणार नाही. पण आई कोण, ही कुणाची कारागिरी आहे? ते नातं आहे. नात्याला मालक नसतो." मग ते हाजराकडे वळले. "बेटी, जुनी हकीकत आहे. एका जोडप्याचं लग्न झालं होतं. एक बाई आली नि म्हणाली, या दोघांना मी पाजलंय. साक्षीदार नाही, काही नाही. तो माणूस पैगंबरांकडे गेला. ते म्हणाले, आता असं बोललं गेल्यावर तू तिला कसा ठेवशील? या बाबतीत पाजणारीचा शब्द एवढा वजनाचा. म्हणून सांभाळून बोल. आणि म्हणूनच गप्प बसतानाही सांभाळ."

*

कंपनीचा फोन त्याच दुपारी आला. पुण्याच्या कार्यालयात त्यांना मोठ्या अदबीने बोलावलं होतं.

काचेच्या खोलीत दोघं बसले होते. एक रेवती सरपोतदार, कंपनीच्या कायदा विभागाच्या प्रमुख. दुसरे मुफ्ती वलीद फारुखी, कंपनीच्या शरीयत सल्लागार मंडळाचे अध्यक्ष. मुफ्तींच्या अंगाला उंची अत्तराचा वास होता. टेबलावर चांदीच्या वर्खाची फिरनी ठेवली होती.

"घ्या ना," सरपोतदार म्हणाल्या. "मायधार गोल्ड. मोठ्यांसाठीचा नवा प्रकार आहे, अजून बाजारात यायचाय."

हाजराने चमचा उचलला होता. तो तिने हळूच खाली ठेवला. मुफ्तीसाहेब खात होते. त्यांच्या मिशीला साय लागली होती.

"बिनधास्त घ्या, बहेन," ते हसून म्हणाले. "मोठ्या माणसाने प्यायलं तर नातं जुळत नाही."

हाजराने पदराने तोंड दाबून धरलं. ती पस्तीस वर्षं उर्दू शाळेत मराठी शिकवत आली होती, हजारो शब्द तिला यायचे. या माणसाला काय म्हणावं, ते मात्र एकाही शब्दात बसेना.

"आपल्या घरातली अडचण आम्हाला समजते," सरपोतदार म्हणाल्या. "आमची इच्छा एवढीच, की मुलांचं लग्न व्हावं. मुफ्तीसाहेब तसं लिहून देतील."

"मसला सरळ आहे," मुफ्ती म्हणाले. "एक तर हे दूधच नाही. बाईच्या अंगातून निघून पिंपात गेल्यावर वस्तूची जातच बदलली. दारूचा सिरका झाला की तो हलाल होतो, तसं. दुसरं, समजा दूध असलं, तरी कुणाचं ते लोकांना माहीत नाही. शंका आहे. आणि शंकेने नातं साबित होत नाही. म्हणजे ही गुप्तता उम्मतवर, आपल्या सगळ्या समाजावर मेहरबानी आहे! कंपनी गुपित पाळते म्हणून हजारो निकाह सलामत आहेत. तुम्ही तोंड उघडलंत तर ते मोडतील. त्याचं पाप कुणाच्या डोक्यावर?"

"डब्यावर 'खरं आईचं दूध' असं छापलंय," हाजरा म्हणाली.

"ती जाहिरात आहे," सरपोतदार म्हणाल्या.

"पेटंटच्या दाव्यातही आहे, मॅडम," तस्नीम म्हणाली. "प्रत्येक घटक स्त्रीच्या दुधाशी तंतोतंत समान, असं आहे त्यात. गेल्या वर्षी चोरून मायधार बनवणाऱ्या मालेगावच्या दूधवाल्यावर खटला भरला, तेव्हा मीच साक्ष दिली होती. आपण कोर्टात म्हणालो, हा पेशीवंश शंभर टक्के ओळखता येतो, शंकेला जागाच नाही. तो माणूस तुरुंगात आहे. चोर पकडायचा तेव्हा शंका नाही. निकाह लावायचा तेव्हा तेवढी शंका?"

मुफ्तींनी फिरनीची वाटी बाजूला सारली. "बेटा, कोर्टाची खात्री वेगळी, शरीयतची वेगळी."

"आणि तुमची?" हाजराने विचारलं. "तुम्हाला स्वतःला काय वाटतं? तुमच्या मुलीसाठी असं स्थळ आलं असतं तर?"

मुफ्ती मिशीवरची साय पुसू लागले. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि हाजराला कळलं, की या माणसाला सगळं नीट माहीत आहे. त्यामुळे तर तिला जास्तच शिसारी आली. अडाणी माणूस चुकतो. हा माणूस मसला जाणत होता, आणि जे जाणत होता तेच विकत होता.

सरपोतदारांनी एक कागद पुढे केला. "आपण मौन पाळायचं, एवढंच. त्या बदल्यात कंपनी आपल्याला आपल्या स्वतःच्या पेशी वापरण्याचा आजीवन, विनाशुल्क परवाना देते. उद्या गुडघ्यासाठी पेशींचे उपचार घ्यायचे म्हटलं, तर अडचण नको."

"माझ्या गुडघ्याला तुमचा परवाना?"

"कायद्याने पाहिलं तर, हो." त्या खरोखर दिलगीर दिसत होत्या. "आणि एक सांगते. ही माहिती कंपनीच्या यंत्रातून, कंपनीच्या कर्मचारी मुलीमुळे बाहेर आली. ती पसरली तर कारवाई तस्नीमवर होईल. आमचा नाइलाज असेल."

*

परतीच्या वाटेवर मुआज गाडी चालवत होता. कुंभार्ली घाट सुरू झाला तेव्हा त्याला राहवलं नाही.

"सही कर, अम्मी."

हाजराने तो कागद पिशवीत आणखी खाली सारला.

"खतीबसाहेबांनाही नक्की माहीत नाही. मग आपण कशाला आपल्या हाताने...? एवढा मोठा मुफ्ती लिहून देतोय. पाप असलं तर त्याच्या माथी. आणि तस्नीम तुरुंगात जाईल, त्याचं काय?"

"गाडी थांबव," मागून तस्नीम म्हणाली.

वळणावर त्याने गाडी थांबवली. ती खाली उतरून कठड्याशी ओकली. मुआज पाणी घेऊन गेला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला तशी ती झटक्याने बाजूला झाली. त्याचा हात तसाच हवेत राहिला.

"तुझा राग नाही," ती म्हणाली. "मुआज, मला ते दूध आठवत नाही, काहीच आठवत नाही. पण काल घरी आरशात बघितलं. ही हाडं, हे दात... वर्षभर मी फक्त तुझ्या अम्मीलाच खाल्लंय. आलिम काहीही ठरवोत. उद्या ते म्हणाले, पिंप म्हणजे बाई नाही, निकाह जायज आहे, तरी तू हात लावलास की मला हेच आठवेल."

"आणि मला काय वाटतं ते?"

"तुलाही आठवेल. आज नाही, नंतर."

मुआज रडला. रस्त्यावरून ट्रक जात होते, ड्रायव्हर बघत होते, आणि अठ्ठावीस वर्षांचा तो उंच माणूस गाडीच्या दाराला टेकून हुंदके देत होता. गाडीत बसलेल्या हाजराला त्याच्याजवळ जाववेना. तिच्या एका सहीने त्याचं दुःख पुढे ढकलता आलं असतं, तिला ते माहीत होतं.

"खाला," तस्नीम काचेशी वाकून म्हणाली, "माझी काळजी करू नका. मी आजच राजीनामा देते. तुम्हाला बोलायचं असेल तर बोला."

हाजराने शेवटी ठरवलं ते मुफ्तीमुळे. तो म्हणाला होता, तुम्ही तोंड उघडलंत तर निकाह मोडतील. म्हणजे निकाह मोडण्यासारखं काहीतरी आहे, हे तो मानत होता. लोक अंधारात आहेत तोवर सुखी आहेत, म्हणून दिवा लावू नका, असं हे म्हणणं. आणि तो अंधार याच लोकांचा माल.

घरी आल्यावर तिने चित्रफितीसाठी फोन समोर धरला, डोक्यावर पदर घेतला आणि बोलली. शाळेत धडा वाचावा तसं, सावकाश.

"माझं नाव हाजरा. राहणार चिपळूण. मायधार नावाचं दूध ज्या पेशींतून निघतं, त्या माझ्या अंगातल्या आहेत. मी मेलेल्या लेकीच्या नावाने दूध दिलं होतं, पेशी दिल्या नव्हत्या. ज्या मुलांनी ते प्यायलं, त्यांच्याशी माझं नातं जुळतं की नाही हे आलिमांनी ठरवावं. मला ते कळत नाही. पण पाजणारी कोण, हे तुमच्यापासून लपवलं होतं. ते आता तुम्हाला माहीत आहे."

*

ती चित्रफीत गावोगाव फिरली आणि पुढचं सगळं झपाट्याने झालं. कंपनीने मनाई हुकूम आणला. व्यापारी गुपित पुन्हा उघड करायला हाजराला बंदी झाली. गुपित म्हणजे तिचं नाव. मायधारचा विषय निघाला की तिने 'ती मी' असं म्हणायचं नाही, असं न्यायालयाने बजावलं. तस्नीमवर खटला उभा राहिला. तिचा वकील म्हणतो, वर्षं लागतील. ती आता खेडच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते आणि दर ईदला हाजराकडे जेवते. मुआज दोहाला गेला. आईला फोन करतो, तस्नीमबद्दल विचारत नाही.

आलिमांची सभा बसली. एका गटाने नातं मानलं, एका गटाने नाही, तिसऱ्याने आणखी माहिती मागितली. मुफ्ती फारुखी तिसऱ्या गटात होते. आणि कंपनीने दोन महिन्यांत 'मायधार नवीन' बाजारात आणलं. दुसऱ्या पेशी, दुसरी बाई. कोण ते गुपित. डब्यावर मंडळाचा हलाल शिक्का. तो डबा दुकानात पहिल्यांदा पाहिला तेव्हा हाजराने तो उलटसुलट करून नाव शोधलं. कुठेतरी कुणीतरी बाई असेल, बिचारीला अजून काही माहीत नसेल.

लोक दारात येऊ लागले. हिंदू घरांतूनही येत. एका मुलाने राखी बांधायला बहीण शोधून द्या म्हणून थट्टेत फोन केला आणि बोलता बोलता रडू लागला. एका म्हातारीने जिन्यातून शिव्या दिल्या. तिच्या नातीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. हाजरा ऐकून घ्यायची. दार तिने कुणालाच बंद केलं नाही.

एका दुपारी श्रीवर्धनहून एक जोडपं आलं. दोघंही पंचविशीच्या आतले. मुलीच्या कडेवर वर्षाचा मुलगा होता. नवऱ्याने बसायच्या आधीच सांगितलं, की ते दोघेही लहानपणी मायधारवर वाढले आहेत.

"तुम्ही फक्त एवढं म्हणा, की ते खोटं होतं," तो म्हणाला. "कंपनीवर राग होता म्हणून बोललात. एवढंच म्हणा. आमच्या घरचे ऐकतील. तुमच्या तोंडून आलं की ऐकतील."

हाजराने पाण्याचे पेले पुढे केले. कुणी घेतले नाहीत.

"बेटा, आलिमांचं अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली. "काही जण म्हणतात नातं होत नाही. तुम्ही त्यांचं माना. खतीबसाहेबांना भेटा. या मुलावर कुणीही बोट ठेवू शकत नाही, तो तुमचाच आहे, हलाल आहे, हे ते लिहून देतील."

"पण दूध तुमचं होतं का?" इतका वेळ गप्प बसलेल्या मुलीने विचारलं.

हुकुमाप्रमाणे हाजराने काही बोलायचं नव्हतं. जोडप्याकडे बघता तर मुळीच बोलायचं नव्हतं.

"माझंच होतं," ती म्हणाली.

नवरा ताडकन उठला, गॅलरीत गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मुलगी बसून राहिली. मूल तिच्या कडेवरून घसरत खाली उतरलं, टेबल धरून हाजराच्या गुडघ्यापर्यंत आलं आणि तिचा पदर मुठीत धरून वर बघू लागलं.

"मग हा तुमचा कोण?" मुलीने विचारलं.

"नातू," हाजरा म्हणाली.

"कुणाकडून? त्याच्याकडून की माझ्याकडून?"

खरं उत्तर 'दोघांकडून' होतं, आणि ते हाजराला म्हणवेना. पण तिने त्या पोराची मूठ सोडवली नाही.